सहा तास चाळीस मिनिटं म्हणालो आणि फसलो

मार्चमधली गोष्ट. भाची पहिल्यांदाच एकटी लंडनहून न्यूयॉर्कला निघाली होती आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून एकच विषय, किती वाजता पोहोचणार. आता ग्रुपवर ‘नेटवर बघून सांगणारा’ हे पद माझ्याकडे आहे, कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. तर मी एक अंतर सांगणारी साइट उघडली, दोन शहरांची नावं टाकली, उत्तर आलं ५,५४० किलोमीटर, विमानाने ६ तास ४० मिनिटं. लगेच ताईला लिहून टाकलं, अकरा वीसला सुटतंय म्हणजे लंडनच्या घड्याळात संध्याकाळी सहाला पोहोचलं, न्यूयॉर्क पाच तास मागे, तिथे दुपारचा एक वाजलेला असेल. एकदम छातीठोक.

तिथे एक वाजला. दीड वाजला. दोनला आईचा फोन, “अरे, पोहोचली का रे ती?” अडीचला ताईचा मेसेज, नुसतं एक प्रश्नचिन्ह. मी आपला “उतरल्यावर इमिग्रेशनची लाइन असते गं, फोन बंद असेल” वगैरे फेकत होतो पण आतून माझीही टरकलेली. सव्वातीनला भाचीचा मेसेज आला, “मामा, पोहोचले मी, एकदम वेळेवर.” वेळेवर?? मग तिकिटाचा फोटो उघडून बघितला, जो ताईने आदल्या दिवशीच ग्रुपवर टाकला होता आणि आमच्यापैकी एकानेही धड वाचला नव्हता, त्यावर स्वच्छ छापलेलं, आगमन १५:१५. म्हणजे विमान एक मिनिट पण लेट नव्हतं, सव्वादोन तासांचा घोळ सगळाच्या सगळा माझा.

मग काय, डोक्यात किडा शिरला. हे सव्वादोन तास गेले कुठे?

त्यातला एक तास लगेच सापडला आणि तो चक्क घड्याळाचा होता. लंडन-न्यूयॉर्क पाच तासांचा फरक हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करतात आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा राहतो. शरद ऋतूत परत तेच, ब्रिटनवाले ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे घेतात आणि अमेरिकावाले नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तेव्हा एक आठवडा असाच घोळ. आमची बाई नेमकी त्याच मधल्या आठवड्यांत उडाली. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं आणि ऐन वेळी आठवणं यात बराच फरक असतो.

राहिला सव्वा तास. तो मात्र खरा मजेशीर निघाला.

आधी त्या साइटबद्दल. तिचं अंतर चुकीचं नव्हतं, ते अगदी बरोबर होतं. या साइट्स काय करतात, दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरतात आणि त्या गोलाच्या पृष्ठभागावरून सगळ्यात जवळचा रस्ता किती ते काढतात, त्याला ग्रेट सर्कल अंतर म्हणतात. पृथ्वी तशी पुरती गोल नाही, ध्रुवांकडे जराशी चपटी आहे, पण त्याने फार फार तर अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतो, पाच हजार किलोमीटरला वीस-पंचवीस किलोमीटर, विमानाला दीड-दोन मिनिटं, सोडून द्या.

हा सगळ्यात जवळचा रस्ता नकाशावर कधीच सरळ दिसत नाही ही गोष्ट बऱ्याच जणांना खटकते. मलाही खटकायची, लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारं विमान ग्रीनलंडवरून कशाला जातं, तिकडे बर्फ बघायला? घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक लंडनवर अंगठ्याने दाबा, दुसरं लॉस एंजेलिसवर, आणि दोरा ताणा. सैल असताना तो अटलांटिकवर लोंबकळत असतो, ताणला की आपोआप सरकत सरकत वर ग्रीनलंडच्या दिशेने जाऊन बसतो. तुम्ही काही करत नाही, दोऱ्यालाच कळतं. टोकियो-न्यूयॉर्क करून बघा, तो अलास्काकडे जातो. आपल्या डोक्यात जो सपाट नकाशा आहे तो १५६९ मध्ये मर्केटरने जहाजवाल्यांसाठी काढलेल्या नकाशाच्या धाटणीचा, दिशा बरोबर राहाव्यात म्हणून त्यात उत्तर-दक्षिणेकडचे प्रदेश भयंकर फुगलेले असतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं त्याच्यावर, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

तर अंतर बरोबर. चुकली ती वेळ, कारण साइट त्या अंतराला ताशी ९०० ने भागते आणि टेकऑफ-लँडिंगचा म्हणून अर्धा तास वर टाकते. ५,५४० भागिले ९०० म्हणजे ६ तास ९ मिनिटं, अधिक अर्धा तास, झाले ६:४०. चौथीतलं गणित. आणि हेच उत्तर ती लंडन ते न्यूयॉर्कला पण देते आणि न्यूयॉर्क ते लंडनला पण देते, इथेच खरं तर मला शंका यायला हवी होती, कारण ज्याने कुणी हा प्रवास दोन्ही बाजूंनी केलाय त्याला माहीत असतं की जाताना पावणेआठ-आठ तास आणि येताना सात किंवा त्याहून कमी.

कारण वारा. आता वारा म्हटलं की आपल्याला पंख्यापुढचा किंवा गच्चीवरचा वारा आठवतो, पण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम आहे तो वेगळाच प्रकार. ताशी दीडशे किलोमीटर म्हणजे त्याच्यासाठी नेहमीचं, हिवाळ्यात जोर चढला की ताशी ३०० च्या पुढे. आणि प्रवासी जेट नेमकी त्याच उंचीवर उडतात. विमानाचा ताशी ९०० हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही. वाहत्या नदीत पोहल्यासारखं आहे हे, तुम्ही हात तेवढेच मारता पण काठावरचं झाड किती लवकर मागे पडेल ते पाणी ठरवतं.

मी कागदावर मांडून बघितलं. वारा ताशी १५० धरला आणि तो पूर्ण रस्ताभर समोरून आला तर ९०० वजा १५०, जमिनीवरचा वेग ७५०, ५,५४० किलोमीटरला ७ तास २३ मिनिटं. तोच वारा मागून आला तर वेग १,०५०, वेळ ५ तास १७ मिनिटं. अंतर तेच, विमान तेच, फरक दोन तासांहून जास्त. आणि यात एक गंमत आहे जी मला आधी पटलीच नाही, मला वाटलं जाताना जेवढं गमावलं तेवढं येताना मिळणार, हिशोब चुकता. पण बेरीज करा, १२ तास ४० मिनिटं. वारा नसता तर दोन्ही बाजूंचे मिळून १२ तास १९ मिनिटं. म्हणजे वीसेक मिनिटं वाऱ्याने खाल्ली ती खाल्लीच, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता आणि मागच्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो. शाळेत नाव आणि प्रवाहाची गणितं यायची तेव्हा कंटाळा करून सोडून दिलेली, ती अशी चाळिशीत भेटली.

या वाऱ्याचा कहर बघायचा असेल तर फेब्रुवारी २०२०. अटलांटिकवर मोठं वादळ आलेलं, जेट स्ट्रीम खवळलेला, आणि त्यात ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३२७ किलोमीटरपर्यंत गेलेला. समुद्रसपाटीला आवाजाचा वेग १,२२५ च्या आसपास, त्यामुळे ‘विमानाने आवाजाला मागे टाकलं’ अशा पोस्टी फिरल्या, पण तसं काही नव्हतं, हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगात चाललं होतं, हवाच पळत होती. आवाजाला खरंच मागे टाकणारं कॉन्कॉर्ड ७ फेब्रुवारी १९९६ ला हाच प्रवास २ तास ५३ मिनिटांत करून बसलंय, ते वेगळं प्रकरण.

हे वारे सापडले कसे ते पण वाचण्यासारखं आहे. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून वरच्या वाऱ्यांची मोजणी केली आणि जगभर पोहोचावं म्हणून १९२६ मध्ये त्यावरचा अहवाल एस्पेरांतोत छापला. जगाची भाषा म्हणून तयार केलेली भाषा, आणि जगाने वाचलंच नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बी-२९ बॉम्बर जपानवर उंचावरून उडायला लागले तेव्हा त्यांना या वाऱ्याने असं ढकललं की बॉम्ब भलतीकडेच पडायला लागले, तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले.

इथे एक गैरसमज मध्येच काढून टाकतो कारण ग्रुपवर आमच्या काकांनी तो लगेच टाकलाच. काकांचं म्हणणं, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे शहर आपणहून येतं, म्हणजे पश्चिमेचा प्रवास लवकर व्हायला पाहिजे, आणि तुझा वारा-बिरा सगळं खोटं. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे पळतोय हे खरं, पण त्याच्याबरोबर विमानतळ, विमान आणि सगळी हवा पण पळतेय. चालत्या ट्रेनच्या डब्यात उडी मारली तर मागच्या डब्यात जाऊन पडत नाही ना आपण, तसंच. काकांनी अंगठा टाकला, पटलं म्हणून की विषय संपवा म्हणून ते कळलं नाही.

मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने ही फ्लाइट नेहमीच्या अटलांटिकच्या बाजूने न नेता उलट पूर्वेला पॅसिफिकवरून नेली. नव्या रस्त्याने साधारण १५,३०० किलोमीटर, म्हणजे आधीपेक्षा चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ लागला साडेचौदा तास, जो आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! पश्चिमेने गेलं की सगळा रस्ता वारा तोंडावर, पूर्वेने गेलं की तोच वारा पाठीवर. लांबच्या रस्त्याने लवकर. हे कळल्यावर ‘किती किलोमीटर’ हा आकडा माझ्या मनातून उतरलाच.

वैमानिक आणि डिस्पॅचवाले, म्हणजे जमिनीवर बसून विमानाचा रस्ता आखणारे लोक, तर रोज हाच विचार करतात. उत्तर अटलांटिकवर विमानांसाठी आकाशात रस्ते आखलेले असतात आणि ते रस्ते रोज बदलतात. दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी एक संच, रात्री पूर्वेला जाणाऱ्यांसाठी दुसरा, त्या दिवशी जेट स्ट्रीम कुठे आहे ते बघून. जाणाऱ्याने वारा टाळायचा, येणाऱ्याने त्याच्यावर स्वार व्हायचं. पश्चिमेचे रस्ते शॅनविकचे हवाई वाहतूक नियंत्रणवाले आखतात, पूर्वेचे कॅनडातल्या गँडरचे. शॅनविक हे काही गाव नाही बरं का, आयर्लंडचं शॅनन आणि स्कॉटलंडचं प्रेस्टविक यांची नावं जोडून केलेलं नाव आहे.

वाऱ्याच्या पलीकडे एक गोष्ट आहे जी दोऱ्याला कळत नाही, ती म्हणजे देशांची भांडणं. हेलसिंकी-टोकियो घ्या. गोलावर दोरा ताणला तर ७,८०० किलोमीटरच्या आसपास, सगळा रस्ता रशियावरून. शीतयुद्धात ते आकाश बंद होतं, म्हणून युरोपातून जपानला जाणारी विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून इंधन भरून पुढे जायची. १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीने न थांबता जाणारी फ्लाइट सुरू केली, उत्तर ध्रुवावरून वळसा घालून, तेराएक तास. मग रशियाचं आकाश उघडलं, वेळ साडेनऊ-दहा तासांवर आली, हेलसिंकीवाल्यांचा सगळा धंदाच ‘आशियाला जायचा जवळचा रस्ता’ या एका गोष्टीवर उभा राहिला. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं, आकाश परत बंद, आणि विमान परत ध्रुवाकडून, परत तेरा तास. चाळीस वर्षांनी तिथल्या तिथेच. साइट मात्र अजून ७,८०० भागिले ९०० करून नऊ-सव्वानऊ तास सांगत बसलीय.

आणि हे सगळं आकाशातलं झालं, जमिनीवरचं तर वेगळंच. तिकिटावर जी वेळ असते ती चाकं उचलल्यापासून चाकं टेकेपर्यंतची नसतेच. गेटवर चाकांखाली जे ठोकळे लावतात ते काढल्यापासून दुसऱ्या टोकाला परत लावेपर्यंतची असते, म्हणून त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. यात गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, तिथे आठव्या नंबरवर थांबणं आलं. टेकऑफ वाऱ्याच्या तोंडावर करायचा असतो, त्यामुळे बरेचदा विमान आधी भलत्याच दिशेला उडतं आणि मग वळून आपल्या वाटेला लागतं, शिवाय १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटचीच मर्यादा, म्हणजे साधारण ताशी ४६० किलोमीटर. पोहोचल्यावर गर्दी असेल तर आकाशातच लंबगोल घिरट्या.

त्यामुळे छोट्या अंतराला तर किलोमीटरला काही अर्थच नाही. तीनशे किलोमीटरच्या फ्लाइटला तिकिटावर तास लिहिलेला असतो, आणि त्यातला आकाशात सरळ उडायचा वेळ जेमतेम वीस मिनिटं. याला एकच अपवाद मला माहितीये, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा चांगला मिळाल्यावर ५३ सेकंदांत पोहोचल्याचा विक्रम आहे. तिथे रांगत जायला पण जागा नसणार.

शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी चरबी ठेवतात हे उघड गुपित आहे. अमेरिकेत तर अधिकृत नियमच असा की ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत गेटला लागलं तर ते ‘वेळेवर’ मोजायचं. मग सात तास वीस मिनिटांच्या प्रवासाला पावणेआठ तास छापले की दोघंही खूश. मला यात फसवणूक वगैरे वाटत नाही खरं तर, उलट त्या आकड्यात वारा, रांगा, घिरट्या सगळं शेकडो फ्लाइटच्या अनुभवातून मुरलेलं असतं, साइटच्या भागाकारापेक्षा हजारपट बरं.

हे सगळं झाल्यावर मी स्वतःपुरता एक अंदाज बसवलाय. लांबचा प्रवास असेल तर किलोमीटरला ८५० ने भागायचं, चाळीस मिनिटं वर टाकायची, मग पश्चिमेला जायचं असेल तर अजून अर्धा-पाऊण तास चढवायचा आणि पूर्वेला असेल तर तेवढाच उतरवायचा. उत्तर-दक्षिण असेल तर हात लावायचा नाही. लंडन-न्यूयॉर्कला हे ७:५० च्या आसपास येतं, आणि भाचीच्या तिकिटाप्रमाणे लागले होते ७:५५. पण ही खाज भागवण्यापुरती गोष्ट, कुणाला घ्यायला जायचं असेल तर तिकीटच बघा बाबांनो.

आणि तिकीट बघताना तारीख पण बघा. सामोआची राजधानी आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो ही दोन गावं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतरावर, छोट्या विमानाला पाऊण तास पण लागत नाही. पण मधून वार रेषा जाते. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच कॅलेंडरमधून गाळला आणि रेषेच्या दुसऱ्या बाजूला उडी मारली, त्यामुळे दोघांच्या घड्याळात आता बरोब्बर चोवीस तासांचा फरक. म्हणजे आपियाहून मंगळवारी सकाळी दहाला निघालात तर पागो पागोला पोहोचता सोमवारी सकाळी पावणेअकराच्या आत. घड्याळाला हातही लावायचा नाही, फक्त आदल्या दिवशीत जायचं. आमच्या घरचं कुणी तिकडे जाणार नाही अशी आशा आहे, कारण तो हिशोब ग्रुपवर समजावून सांगायची माझ्यात ताकद नाही.

भाची एप्रिलमध्ये परत आली, रात्रीची फ्लाइट, न्यूयॉर्कहून साडेसातला सुटणार, लंडनला सकाळी साडेसातला. आता फरक परत पाच तासांचा झालेला, म्हणजे सात तासांचा प्रवास. यावेळी ताईने मला विचारलंच नाही. मीच आगाऊपणा करून ग्रुपवर टाकलं, वारा मागून आहे, लवकर येईल. आणि खरंच आलं, पावणेसातला चाकं टेकली, मी फ्लाइट ट्रॅकरवर बघतच होतो, लगेच स्क्रीनशॉट टाकला, पाऊण तास लवकर, बघा म्हणालो होतो की नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली, भाचीचा काही मेसेज नाही. ताईचं प्रश्नचिन्ह आलं. शेवटी भाचीने लिहिलं, “मामा, उतरलोय पण गेट रिकामं नाहीये, आमच्या गेटवर दुसरंच विमान उभं आहे, आम्ही टॅक्सीवेवर बसलोय.”

दार उघडलं तेव्हा सात पंचवीस झाले होते.